अद्भुतातील औचित्य

आपल्या सुशिक्षित कुटुंबांत अतिशयोक्तीविषयी एक प्रकारचा अविश्वास रूढ झालेला आहे. वाङ्मयात जे प्रमाणबद्ध तेच सुंदर, असे आम्ही अध्यापक मंडळी विद्यार्थ्यांस शिकवीत आलो, आणि त्या शिकवणुकीत पुष्कळ तथ्यही आहे. परंतु प्रमाणबद्धता म्हणजे खुजेपणा नव्हे, ही गोष्ट मात्र शिकवावयाची राहून गेली. मला तिची आठवण ज्या कृतीने करून दिली ती कोणा महाकवीची नसून जपानातील एक चलच्चित्रमालिका आहे, हे ऐकून वाचकांस हसू येईल. ते त्यांनी थोडा वेळ आवरावे, एवढीच विनंती.

मालिकेचे नाव ‘तेंगेन टोप्पा गुरेन लागान’. २००७ साली जपानी दूरचित्रवाणीवर तिचे २७ भाग दाखविण्यात आले. दिग्दर्शक हिरोयुकी इमाइशी. लेखक काझुकी नाकाशिमा हे रंगभूमीवरील नाटककार, आणि ते संवादांच्या गडगडाटावरून चटकन ध्यानात येते. माझ्या पिढीस महाकाय यंत्रमानव सर्वस्वी अपरिचित नाही. १९६७ साली जपानात निघालेली ‘जायंट रोबो’ ही मालिका १९८० नंतरच्या दशकात आपल्या दूरदर्शनवरही आली होती. शेजारच्या वाड्यातील कृष्णधवल पडद्यापुढे दाटीवाटीने बसून ती पाहिल्याचे मला स्मरते. शेवटी तो लोखंडी राक्षस प्रथमच आपल्या बालधन्याची आज्ञा मोडतो आणि शत्रूला मिठीत घेऊन आकाशात नाहीसा होतो, तेव्हा आम्ही सारी मुले मुकाट्याने घरी गेलो होतो.

पुढे शिक्षणाने हे सारे पुसून टाकले. म्हणून माझा पुतण्या जेव्हा ‘गुरेन लागान’ पुन्हा पुन्हा पाहू लागला, तेव्हा मी त्यास बोललो. दोन वर्षांपूर्वी त्याचे वडील, म्हणजे माझे थोरले बंधू, वारले; तेव्हापासून तो आमच्याकडेच असतो. त्याने शांतपणे उत्तर दिले, “काका, तुम्ही वर्गात सांगता ना, शेवट वाचल्यावाचून मत देऊ नये?” ह्या प्रश्नास मजपाशी उत्तर नव्हते. मी पाहावयास बसलो.

कथा अशी : मानवजात भुयारांत राहत आहे. सिमोन नावाचा एक भित्रा, पोरका मुलगा माती खणण्याचे काम करतो. त्यास एक इवलासा गिरमिट आणि नुसत्या मुखवट्यासारखे दिसणारे एक छोटे यंत्र सापडते. कामिना हा त्याने मानलेला थोरला भाऊ मोठा बढाईखोर. पण सिमोनवर त्याचा विश्वास अढळ. दोघे भूपृष्ठावर येतात, जुलमी सर्पिल-राजाशी झुंजतात, आणि प्रत्येक झुंजीबरोबर त्यांचे यंत्र वाढत जाते. अखेरीस ते आकाशगंगांहूनही मोठे होते आणि आकाशगंगा चक्राप्रमाणे फेकून मारल्या जातात. ह्याहून अधिक अतिशयोक्ती कल्पनेत येणे कठीण!

मग हे हास्यास्पद का होत नाही? खरे म्हणजे होते. परंतु हसता हसता प्रेक्षक त्यात सामील होतो. भरताने वीराचा स्थायीभाव उत्साह मानला आणि वीरापासून अद्भुताची उत्पत्ती सांगितली. ह्या मालिकेत तो क्रम जसाच्या तसा दिसतो. येथे यंत्राचा आकार हे यंत्रशास्त्र नव्हे, ते उत्साहाचे माप आहे. मन खचले की यंत्र लुळे पडते. निश्चय झाला की ते वाढते. वामनाचा त्रिविक्रम होताना त्याच्या उंचीचा हिशेब आपण मागत नाही. आमच्या वाईस कृष्णाकाठी रास्त्यांनी १७६२ साली बांधलेल्या देवळातील गणपतीस लोक ‘ढोल्या’ म्हणतात. नावात थट्टा आहे, आणि ते नाव घेणाराच हात जोडतो. विशालतेपुढे हसू आणि भक्ती एकत्र नांदू शकतात.

परंतु केवळ वाढ म्हणजे काव्य नव्हे. आनंदवर्धनाने रसभंगाचे कारण अनौचित्य हेच सांगितले आहे. आणि ह्या कृतीचे औचित्य तिच्या दोन नकारांत आहे. पहिला नकार नियतीचा : आठव्या भागातच कामिना मरतो, आणि पुढील एकोणीस भागांत तो परत येत नाही. दुसरा नकार सिमोनचा : विश्व जिंकून आल्यावर विवाहाच्याच दिवशी त्याची वधू निया त्याच्या मिठीतून विरून जाते. एवढे सामर्थ्य असताना मेलेल्यांस परत का आणू नये, असे त्यास विचारले जाते. तो नकार देतो. गेलेल्यांनी परत येऊन पुढे येणारांची वाट अडवू नये, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. आपला गिरमिट दुसऱ्याच्या हाती देऊन तो अनामिक वाटसरू होतो. महाभारतातील घटोत्कच मरताना देह वाढवून शत्रुसैन्यावर कोसळतो, तेथे विशालतेचे सार्थक त्यागात होते. येथे ते संयमात होते, आणि मला हे अधिक कठीण वाटते.

दोष नाहीत असे नव्हे. योको ही शूर नेमबाज; तिच्या वेषभूषेत मात्र चित्रकारांनी जी उथळ रुची दाखविली आहे, ती तिच्या व्यक्तिरेखेस लांछनास्पद आहे. पूर्वार्धातील काही झुंजी एकाच साच्याच्या आहेत. सात वर्षांनंतरच्या राज्यकारभाराचे प्रकरण मात्र उत्कृष्ट उतरले आहे. संकट येताच आकडेमोड करून काहींना वाचविण्यासाठी बाकीच्यांस सोडू पाहणारा आणि सिमोनलाच देहान्ताची शिक्षा देणारा रोसिउ हा खलपुरुष नसून विवेकी माणूस आहे. त्याच्या ठायी मला स्वतःचा वर्ग दिसला, हे कबूल केले पाहिजे. शोकात बुडालेल्या मुलास आम्ही ‘प्रमाणात राहा’ म्हणून सांगतो, आणि ते विवेकाचे बोल आहेत असे समजतो.

शेवटचा भाग संपला तेव्हा बराच वेळ आम्ही दोघेही बोललो नाही. मग तो म्हणाला, “त्याला आणता आलं असतं, काका. तरी नाही आणलं.” एवढेच. त्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागील भिंत मत्स्याकार बांधलेली आहे. कृष्णेचा पूर आला की पाणी तिच्यावर दुभंगून दोहों बाजूंनी निघून जाते. पुढून दर्शन घेणारास ती दिसतही नाही. मुले ह्या अवाढव्य कथांस का बिलगतात, असे कोणी ह्यापुढे मला विचारले, तर मी त्यास प्रथम देवळाच्या मागील बाजूस घेऊन जाईन.