प्रमाणीकरण, प्रमाणपत्र आणि दाखला : बिनतारी जाळ्याच्या मराठी परिभाषेचे परीक्षण

पारिभाषिक संज्ञेची योग्यता ठरविताना बहुधा तिची व्युत्पत्ती तपासली जाते. परंतु आणखीही एक कसोटी आहे, आणि ती अधिक कठोर आहे : ती संज्ञा वाचून मनुष्य योग्य कृती करतो काय? संगणकाच्या बिनतारी जाळ्यात प्रवेश देताना जी परिभाषा मराठीत रूढ झाली आहे, ती या कसोटीवर कितपत उतरते, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

विवेचनाच्या सोयीसाठी एक स्थळ डोळ्यांसमोर ठेवता येईल. जुन्नर तालुक्यातील ओझर हे कुकडीकाठचे गाव. अष्टविनायकांपैकी विघ्नेश्वराचे हे स्थान असल्याने येथे परगावच्या भाविकांची ये-जा सतत असते. अशा गावात पाच-सात संगणक असलेले एखाद्या पतसंस्थेचे कार्यालय कल्पावे. देवळाला दगडी तट आहे. कार्यालयातील बिनतारी लहरींना तट घालता येत नाही. भिंतीपलीकडे चहाच्या दुकानात बसलेल्या माणसाच्या फोनलाही त्या पोचतात. त्याच तालुक्यात खोडद परिसरात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण दूरच्या आकाशगंगांच्या क्षीण लहरी टिपते. लहर ही ज्याला टिपता येते त्या सर्वांची असते, हे तत्त्व दोन्हीकडे एकच. म्हणून अशा जाळ्यात ‘कोण आत आहे’ हा प्रश्न भिंतीने सुटत नाही. तो ओळखीनेच सोडवावा लागतो.

बहुतेक लहान कार्यालये हा प्रश्न एका सामाईक परवलीच्या शब्दाने सोडवितात. हा शब्द सर्वांना ठाऊक असतो, आणि म्हणून तो कोणा एकाची ओळख सांगू शकत नाही. एक कारकून नोकरी सोडून गेला, तर सर्वांचा शब्द बदलावा लागतो. व्यवहारात तो बदलला जात नाही. याला पर्याय म्हणजे ८०२.१एक्स हे २००१ साली प्रथम प्रसिद्ध झालेले मानक आणि त्याच्या चौकटीत चालणारी ईएपी-टीएलएस ही पद्धत. हिचे २००८ मधील विवरण २०२२ मध्ये नव्या टीएलएस आवृत्तीसाठी अद्ययावत करण्यात आले. या पद्धतीत प्रत्येक यंत्राला स्वतंत्र प्रमाणपत्र मिळते. यंत्र हरवले वा माणूस गेला, की तेवढे एकच प्रमाणपत्र रद्द करता येते.

या प्रक्रियेला मराठीत ‘प्रमाणीकरण’ म्हणतात. पहिला आक्षेप येथेच उद्भवतो. भाषाभ्यासकाला ‘भाषेचे प्रमाणीकरण’ म्हणजे तिला एकसारखे, मानक रूप देणे अभिप्रेत असते. कार्यालयात ‘कागदपत्रांचे प्रमाणीकरण’ म्हणजे ती खरी असल्याची नोंद करणे. संगणकाच्या पडद्यावर त्याच शब्दाने तिसरा अर्थ धारण केला आहे. अनेकार्थता हा स्वतः दोष नव्हे. संदर्भाने अर्थ निश्चित होतो. खरा दोष शब्दाच्या घडणीत आहे. ‘-करण’ प्रत्ययाने झालेल्या नामात कर्ता लुप्त होतो आणि ‘कोणाला’ हा प्रश्नही उरत नाही. याउलट ‘ओळख पटणे’ या रूढ मराठी प्रयोगाकडे पाहावे. ओळख कोणाची आणि ती कोणाला पटली, ही दोन्ही पदे तो प्रयोग मागून घेतो. चतुर्थीतील अनुभविता त्यात अनिवार्य आहे.

हा केवळ व्याकरणाचा सूक्ष्म भेद नाही. ईएपी-टीएलएसमध्ये ओळख दोन बाजूंनी पटावी लागते : जाळ्याला यंत्राची आणि यंत्राला जाळ्याची. दुसरी बाजू सुटली, तर कार्यालयाचेच नाव धारण केलेले बनावट जाळे उभारून कोणीही यंत्राला आपल्याकडे वळवू शकतो. जेथे प्रमाणपत्राऐवजी वैयक्तिक परवलीचा शब्द वापरला जातो, तेथे हानी अधिक गंभीर असते; कारण त्या पद्धतींत प्रचलित असलेली एमएस-चॅप-व्ही२ ही देवघेव फोडता येते, हे २०१२ साली जाहीरपणे दाखविले गेले. तरीही कित्येक अँड्रॉइड फोनांवर जाळ्याचे प्रमाणपत्र न तपासण्याचा पर्याय उपलब्ध होता. २०२० च्या अखेरीस अँड्रॉइड ११ च्या अद्ययावत आवृत्तीत तो काढून टाकण्यात आला. ‘प्रमाणीकरण झाले’ एवढेच वाचणाऱ्याला अर्धे काम राहिले असल्याची शंकाही येत नाही. ‘जाळ्याची ओळख पटली नाही’ असे वाचणारा निदान क्षणभर थांबेल.

दुसरी संज्ञा ‘प्रमाणपत्र’. या अर्थाने मूळ इंग्रजी शब्दाचा उपयोग लोरेन कोनफेल्डर यांनी १९७८ साली एमआयटीतील आपल्या प्रबंधात केला. डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या सार्वजनिक किल्लीच्या कल्पनेत सर्व किल्ल्यांची एक मध्यवर्ती सूची गृहीत होती. त्या सूचीऐवजी नाव आणि किल्ली यांची सांगड घालणारा स्वाक्षरित लेख प्रत्येकाजवळ असावा, अशी ही सूचना होती. अशा लेखाला मराठीत ‘दाखला’ हा शब्द अधिक समर्पक आहे. ग्रामपंचायतीचा दाखला अन्य कोणी देतो, तो उघडपणे दाखविण्यासाठीच असतो आणि देणाऱ्याला तो रद्दही करता येतो. शिवाय अरबी मुळातून आलेल्या या शब्दात ‘दाखल होणे’ म्हणजे प्रवेश करणे हा अर्थ मुळातच आहे. ‘दाखवणे’ या क्रियापदाचे मूळ निराळे असले, तरी मराठी कानाला दोन्ही शब्द जवळचे वाटतात. दाखला दाखवून दाखल होणे, हेच या पद्धतीचे वर्णन होय.

मात्र येथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. कागदी दाखला ज्याच्या हाती, तो त्याचा धनी समजला जातो. संगणकीय दाखला सर्वांनी पाहिला तरी बिघडत नाही. ‘दाखला चोरीला गेला’ या वाक्याला त्या क्षेत्रात फारसा अर्थ नाही. ओळख पटते ती दाखला बाळगण्याने नव्हे, तर दाखल्यात नोंदलेल्या किल्लीशी जुळणाऱ्या खाजगी किल्लीने त्या वेळच्या देवघेवीवर स्वाक्षरी करून. हा भेद समजावण्यास ‘किल्ली’ हे रूपक अपुरे आहे. ‘जाहीर किल्ली’ हा शब्दप्रयोग तर मराठी मनाला विसंगतच वाटतो. जुन्या मराठी पत्रव्यवहारातील शिक्का हे रूपक अधिक जवळचे. आरंभी मुद्रा आणि अखेरीस मोर्तब उठविल्याने पत्राची मर्यादा निश्चित होई व पुढे मजकूर घुसडणे कठीण जाई. त्यातूनच ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द रूढ झाला. शिक्क्याचा ठसा सर्वांनी पाहावयाचा. शिक्का मात्र एकाच्याच ताब्यात राहावयाचा. अडचण अशी की ‘शिक्का’ हा शब्द साधन आणि ठसा या दोहोंसाठी चालतो, आणि डिजिटल स्वाक्षरीचे टोकन दुसऱ्याच्या खणात ठेवणारा मनुष्य नेमक्या याच संदिग्धतेचा बळी असतो. ठसा दिला असे त्याला वाटते. वस्तुतः त्याने साधनच दिलेले असते.

तिसरा प्रश्न मूळ दाखल्याचा. प्रत्येक दाखल्यामागे दुसऱ्याची स्वाक्षरी हवी, तर ही परंपरा थांबते कोठे? नैयायिकांचे परतःप्रामाण्य मान्य केल्यास अनवस्था ओढवते, असा मीमांसकांचा आक्षेप होता. मूळ दाखला स्वतःच स्वतःवर स्वाक्षरी करतो, म्हणून त्याला स्वतःप्रमाण म्हणण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. स्वतःवर स्वाक्षरी कोणीही करू शकतो. मूळ दाखल्यावर विश्वास बसतो, तो कोणीतरी तो यंत्रात आधीच ठेवलेला असतो म्हणून. ओझरच्या कल्पित कार्यालयात हे काम करणारा मनुष्यच प्रामाण्याचा अंतिम आधार होय. संज्ञेने हे झाकता कामा नये.

यावर असे म्हणता येईल की, पाच-सात यंत्रांच्या कार्यालयाला रेडियस सर्व्हर, दाखल्यांची मुदत आणि त्यांचे नूतनीकरण हा व्याप परवडणारा नाही. आक्षेप रास्त आहे. मुदत संपलेल्या दाखल्यामुळे सकाळी सारे कार्यालय जाळ्याबाहेर राहू शकते. परंतु व्याप पत्करावयाचा की नाही, हा निर्णय घेणाऱ्याला निदान तो काय घेतो आहे हे त्याच्या भाषेत कळले पाहिजे. त्या दृष्टीने प्रमाणीकरणाऐवजी ‘ओळख पटविणे’, प्रमाणपत्राऐवजी ‘दाखला’ आणि खाजगी किल्लीच्या विवरणासाठी शिक्का व ठसा यांचा स्पष्ट भेद, एवढी सुधारणा परिभाषाकारांनी विचारात घ्यावी. सामान्य वापरणाऱ्याला सुरक्षिततेचा निर्णय पडद्यावरील एका वाक्यावरून घ्यावा लागतो. ते वाक्य संदिग्ध असेल, तर त्याच्या चुकीचा काही भार परिभाषेलाही उचलावा लागेल.