बंदूक दिसते, सुई दिसत नाही

(परतवाडा येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

आत येताना दारातच एका काकांनी मला अडवलं. म्हणाले, "थे अमेरिकेतल्या काळ्या लोकायचं काय सांगता सर, आपल्या मेळघाटचं सांगा ना." मी म्हटलं, काका, बसा. मेळघाटातच जायचं आहे, फक्त शिकागोवरून जाऊ. (हशा)

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा इतिहास आपल्याला परका नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अर्पण केलं गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, ही त्यामागची इच्छा. म्हणजे वाचायचं ते काहीतरी करण्यासाठी. आज आपण हा इतिहास बहुतेक चित्रपटांतून शिकतो, आणि माझी तक्रार अशी आहे की तो आपल्याला अर्धाच मिळतो.

एक उदाहरण घेऊ. शाका किंग यांचा २०२१ सालचा 'जुडास अँड द ब्लॅक मसीहा'. शिकागोतल्या ब्लॅक पँथर पक्षाचा तरुण नेता फ्रेड हॅम्प्टन ४ डिसेंबर १९६९ रोजी पहाटे पोलिसांच्या छाप्यात मारला गेला. वय फक्त २१. डॅनियल कलूया यांनी तो असा उभा केला आहे की भाषणाच्या प्रसंगात अंगावर काटा येतो. त्यांना ऑस्कर मिळालं ते योग्यच. पण दिग्दर्शकाने गोष्ट सांगितली आहे खबऱ्याच्या बाजूने. त्यामुळे आपलं सगळं लक्ष लागतं ते हा दगा कधी देणार, गोळी कधी सुटणार, याकडे. पँथर्सची रोजची कामं चित्रपटात आहेत, नाही असं नाही. पण ती दोन गोळीबारांच्या मधली विश्रांती म्हणून येतात. चित्रपट संपल्यावर डोळ्यांपुढे काय उरतं? काळं जाकीट, तिरकी टोपी आणि बंदूक.

आता याच पक्षावरचं एक पुस्तक घ्या. समाजशास्त्रज्ञ अलोंड्रा नेल्सन यांचं 'बॉडी अँड सोल', २०११ सालचं. यात बंदूक मागे आहे आणि पुढे आहे दवाखाना. पँथर्सनी गावोगावी मोफत आरोग्य केंद्रं काढली. हॅम्प्टनच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत, १९७०मध्ये, शिकागोतही असं केंद्र सुरू झालं. आणि त्यांनी एक आजार हातात घेतला, ज्याचं नाव या सभागृहात सगळ्यांना माहीत आहे. सिकलसेल. (क्षणभर शांतता) काका, पोचलो ना?

सिकल म्हणजे विळा. रक्तातल्या गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि माणूस वेदनेने तळमळतो. वैद्यकीय साहित्यात या आजाराचं पहिलं वर्णन १९१०मध्ये जेम्स हेरिक या डॉक्टरांनी केलं, तेही शिकागोतच. रुग्ण होता ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला वॉल्टर क्लेमेंट नोएल. हेरिक यांच्या लेखात त्याचं नाव नाही. ते कित्येक दशकांनी संशोधकांनी शोधून काढलं. पेशीचा आकार लगेच नोंदला गेला, माणूस मात्र राहून गेला. पुढे साठ वर्षं या आजाराच्या रुग्णांकडे फारसं कोणी बघितलं नाही, कारण तो 'काळ्यांचा आजार' ठरला होता. ती उपेक्षा पँथर्सनी चव्हाट्यावर आणली. मार्च १९७२मध्ये ओकलंडच्या मेळाव्यात त्यांनी किराण्याच्या पिशव्या वाटल्या आणि तिथेच हजारो लोकांची सिकलसेल तपासणी केली.

१९७२! त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. आपण नाव घेतलं, संताप घेतला, कविता तर अशी दिली की मराठी भाषाच हलली. त्याचा मला अभिमान आहे. पण बोटाला टोचणारी ती सुई आपल्या वाचनात कधी आलीच नाही. आणि सिकलसेल कुठे आहे? विदर्भात. कोरकू, गोंड यांच्यात आणि पूर्वाश्रमीच्या महार समाजात. ज्यांच्यासाठी पँथर लढत होती, त्यांच्याच घरात.

इथे एक गैरसमज दूर करतो. आपल्याकडचा सिकलसेल आफ्रिकेतून आला असं ठामपणे म्हणता येत नाही; तो इकडे स्वतंत्रपणे उद्भवला असावा, असं अनेक जनुकशास्त्रज्ञ मानतात. दोन्हीकडे तो टिकला मलेरियामुळे, कारण वाहकाला मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं. म्हणजे हा रंगाचाही आजार नाही आणि जातीचाही.

नेल्सन यांच्या पुस्तकात मला एक उणीव जाणवते. त्यांचा भर संघटना आणि धोरणावर आहे; रात्री पाय दुखून उठलेलं पोर त्यात फारसं भेटत नाही. पण एक इशारा त्या काळाच्या इतिहासातून नीट वाचावा. १९७२मध्ये अमेरिकेत सिकलसेलचा राष्ट्रीय कायदा झाला. काही राज्यांनी तपासणी सक्तीची केली, आणि निरोगी वाहकांनाही नोकरी, विमा नाकारल्याच्या तक्रारी आल्या. मदतीसाठी केलेली चाचणी कपाळावरचा शिक्का झाली.

आपल्याकडे जुलै २०२३पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे. चाचणी होते, कार्ड मिळतं. आणि ते कार्ड घरात लपवून ठेवलं जातं. का? पोरीचं लग्न जमणार नाही म्हणून! अहो, वाहक म्हणजे रोगी नव्हे. आई आणि बाप दोघेही वाहक असतील, तर दर गर्भारपणात मूल सिकलसेलचा रुग्ण होण्याची शक्यता चारात एक. म्हणून पोरीबरोबर पोराचीही चाचणी करा. कार्ड एकट्या पोरीचं कशाला बघता?

आणि घरात रुग्ण असेल तर काही सवयी लावा. पाणी भरपूर, तहान लागायची वाट न बघता. आपल्या मे महिन्यात तर शेतात जाताना भरलेली बाटली हवीच. चिखलदऱ्याच्या थंडीत अंग उबदार ठेवा. अंगमोड होईल असं काम टाळा. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चुकवू नका. ताप आला किंवा छातीत दुखलं, तर घरी थांबू नका, लगेच दवाखाना. शाळेतल्या गुरुजींनाही सांगून ठेवा, म्हणजे पोर मधेच पाणी प्यायला उठलं तर ओरडा बसणार नाही.

तो चित्रपट जरूर बघा. पण बघून झाल्यावर डोळे पुसून झोपू नका. दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात जा आणि बोट पुढे करा. तुम्हाला आवडलेला हॅम्प्टन ज्या पक्षाचा होता, तो पक्ष हेच करायला सांगत होता.

आता प्रश्न विचारा. काका, पहिला तुमचा.