साक्षीदारांविना अपराध

दूरचित्रवाणीची मालिका ही कला वयाने धाकटी असली, तरी नाटक आणि चित्रपट या तिच्या वडील बहिणींना जे कधी लाभले नाही ते काळाचे ऐश्वर्य तिच्या वाट्यास आले आहे. ज्याच्या हातून पूर्वी कधी अपघाताने कोणाचा प्राण गेला, अशा मनुष्याची टोचणी तिला अडीच तासांत निकालात काढावी लागत नाही. वर्षानुवर्षे, हप्त्याहप्त्याने, ती झिजताना किंवा चिघळताना दाखविता येते. एवढी मुदत पदरी असूनही बहुतेक मालिकाकारांनी गतकाळातील अपघात हा केवळ रहस्य म्हणून दडवून ठेवावा, योग्य भागात उघड करावा आणि अश्रूंच्या दोन दृश्यांनंतर दप्तर बंद करावे, हे पाहून खेद होतो.

टॉम पॅरिसचेच पाहा. अमेरिकेत १९९५ च्या जानेवारीत सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक : व्हॉयेजर’ या मालिकेतील हा तरुण एका अ‍ॅडमिरलचा मुलगा. यान चालविताना झालेल्या त्याच्या चुकीमुळे तीन अधिकारी दगावले. त्याने चौकशीत खोटी जबानी दिली, तो सुटलाही असता. परंतु ते तिघे मृत रात्री उशाशी येऊ लागले, म्हणून आपण होऊन कबुली देऊन तो बडतर्फ झाला. हा वृत्तान्त तो एका नवख्या सोबत्यास थट्टेच्या सुरात सांगतो, आणि त्या थट्टेत जेवढी वेदना आहे तेवढी पुढे क्वचितच आढळते. कारण त्याच पहिल्या भागात तो ज्या व्हॉयेजर नौकेवर आहे ती ७०,००० प्रकाशवर्षे दूर फेकली जाते, त्याच्याकडे तिरस्काराने पाहणारे वैद्य आणि उपकप्तान त्या उत्पातात मरतात, आणि भाग संपण्यापूर्वी आपल्या नायकास लेफ्टनंटचा हुद्दा व नौकेचे सुकाणू मिळते. फिर्यादी मागे राहिले, साक्षीदार मेले. आता अपराध सिद्ध करावयाचा कोणापुढे?

गंमत अशी, की पॅरिस रंगविणाऱ्या रॉबर्ट डंकन मॅकनील याच नटाने तीन वर्षांपूर्वी ‘द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेच्या ‘द फर्स्ट ड्यूटी’ या भागात जवळजवळ हीच कथा वठविली होती. बंदी घातलेली एक कसरत करताना विद्यार्थ्यांच्या पथकातील जोशुआ मरतो, आणि मॅकनीलने रंगविलेला म्होरक्या साऱ्यांना खोटे बोलावयास लावून दोष त्या मृतावरच ढकलतो. या कटात सामील असलेल्या वेस्लीच्या खोलीवर जोशुआचे वडील येतात; मुलाने उसना घेतलेला स्वेटर परत करतात, आणि आपल्या मुलाने तुम्हा सर्वांना तोंडघशी पाडले याबद्दल त्या अपराध्याचीच क्षमा मागतात. आरोपाचा एक शब्द नाही, संगीताचा कल्लोळ नाही. पाऊण तासाच्या त्या उपाख्यानाने जे साधले ते सात पर्वांच्या ‘व्हॉयेजर’ मालिकेस साधले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडील दशरथाच्या कथेचे मर्म तरी दुसरे काय आहे? शब्दवेधी बाणाने श्रावणाचा घात झाल्यावर दशरथ पळून गेला नाही. पाण्याने भरलेला घडा घेऊन तो त्या अंध मातापित्यांपुढे जाऊन उभा राहिला. ज्याचे नुकसान झाले त्याची दृष्टी, मग ती आंधळी का असेना, अपराध्यावर पडल्याशिवाय पश्चात्तापास रूप येत नाही.

अलीकडच्या कृतींत ‘बोजॅक हॉर्समन’ या व्यंगचित्रमालिकेने (२०१४–२०२०) हे अचूक ओळखले. जुनी सहकलाकार सारा लिन मरणोन्मुख असताना मदत मागविण्यापूर्वी बोजॅकने १७ मिनिटे दवडली, हा हिशेब अखेरच्या पर्वात बाहेर येतो. पहिल्या मुलाखतीत त्याच्या कबुलीस सहानुभूती मिळते; त्या कौतुकाने सुखावून तो दुसरी मुलाखत देतो, आणि तेथे ती १७ मिनिटे एकेक करून मोजली जातात. कबुलीतही मनुष्य टाळ्या शोधतो, हे दाखविण्याचे धैर्य चित्रातल्या घोड्याने करावे, यावर हसावे की रडावे?

२००१ साली, मालिकेच्या अखेरच्या भागात, व्हॉयेजर नौका पृथ्वीवर परतली. स्वागतास पडद्यावर पॅरिसचे वडील होते, आणि त्याच घटकेस त्याला कन्यारत्न झाले. त्या तीन अधिकाऱ्यांच्या घरून कोणी आले नव्हते. लेखकांनी त्यांना बोलावलेच नव्हते.