पोटोमॅकच्या बेटावरील चार शिळा

वॉशिंग्टन शहरात पोटोमॅक नदीच्या पात्रात थिओडोर रूझवेल्ट यांच्या नावाचे एक बेट आहे. व्हर्जिनियाच्या काठावरून पादचाऱ्यांच्या पुलाने तेथे जावे लागते. गर्द झाडीतून चालता चालता एकाएकी फरसबंद चौक लागतो. मध्ये पॉल मॅनशिप यांनी घडविलेला, हात उंचावलेला १७ फुटी ब्राँझचा पुतळा; भोवती ग्रॅनाइटच्या चार उभ्या शिळा. निसर्ग, पौरुष, तारुण्य आणि राज्यसंस्था या चार विषयांवरील रूझवेल्ट यांची वचने त्यांवर कोरली आहेत. १९६७ साली या स्मारकाचे लोकार्पण झाले.

अरण्यप्रेमी पुरुषाचे स्मारक अरण्यात असावे, ही कल्पना रास्तच होय. परंतु हे अरण्यही रचलेलेच आहे. १९३१ साली, म्हणजे रूझवेल्ट यांच्या निधनानंतर बारा वर्षांनी, त्यांच्या स्मारक-संस्थेने हे बेट विकत घेतले आणि कनिष्ठ ओल्मस्टेड यांच्या योजनेनुसार येथे वृक्ष लावण्यात आले. तत्पूर्वी हे मेसनचे बेट म्हणून ओळखले जाई. जॉन मेसन यांचा वाडा व शेती येथे होती, आणि ती शेती गुलामांच्या कष्टावर चाले. पुढे यादवी युद्धात, १८६३ साली, वॉशिंग्टनमध्ये उभारलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय पायदळ पलटणीने याच बेटावर कवायत केली. त्यानंतर दास्यमुक्त स्त्रीपुरुषांची छावणीही येथे वसली होती.

आमचा आक्षेप येथेच आहे. चारही शिळांवर या मंडळींविषयी एक अक्षर नाही. कोणी म्हणेल, एका व्यक्तीच्या स्मारकाने त्या व्यक्तीविषयीच बोलावे. शहरातील एखाद्या चौकापुरते ते आम्हांस मान्य आहे. पण येथे सबंध बेटाचेच नाव पालटले आहे. आणि ज्या भूमीवर गुलामगिरीविरुद्ध लढावयास माणसे सज्ज झाली, तेथेच ‘पौरुष’ या मथळ्याखाली दुसऱ्याचीच वचने कोरावीत, हा विपर्यास शिल्पकाराच्या ध्यानी आला नसावा. स्मारक-समितीच्या तरी यावयास हवा होता.

शिळा काढाव्यात असे आम्ही म्हणत नाही. त्यांवरील अक्षरे सुरेख आहेत. वाटेवरील माहितीफलकाने मात्र ही उणीव भरून निघणार नाही. त्याच चौकात, त्याच ग्रॅनाइटची, हवी तर गुडघ्याएवढीच, पाचवी शिळा बसवावी. तिच्यावर वचन नको. पलटणीचे नाव आणि १८६३ हे साल, एवढे पुरे.