‘अधांतर’मध्ये न दिसणारा मालक

गिरणी संपाबद्दलच्या मराठी साहित्याचा विषय निघाला की जयंत पवारांच्या ‘अधांतर’चं नाव बहुधा पहिल्यांदा घेतलं जातं, आणि ते रास्तच आहे. १९९७ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकाला आपण ‘गिरणी कामगारांची शोकांतिका’ म्हणून मोकळे होतो. मला हे वर्णन अपुरं वाटतं. एकाच बाजूला काय झालं, तेवढंच ते सांगतं.

नाटकात चाळीतली एक खोली आहे. आई, लेखक होऊ पाहणारा बाबा, क्रिकेटमध्ये रमलेला मोहन, टोळीच्या वाटेला गेलेला नरू आणि मंजू. एका घरातली ही भावंडं एकमेकांशी सतत भांडतात. स्वभाव वेगळे म्हणून भांडतात, असं वरवर वाटतं. पण वेगळे स्वभाव कुठल्या घरात नसतात? गिरणीचा पगार होता तोवर तो थोडा का असेना, दर महिन्याला येत होता आणि सगळ्यांचा होता. तो गेल्यावर प्रत्येकाला आपापलं नशीब शोधावं लागलं. कुणी शब्दांत शोधलं, कुणी बंदुकीत. विषमता या घरात अशी शिरते. ती आधी जेवणाच्या ताटाभोवती भावंडांना एकमेकांशी तोलायला लावते. पवारांचं मोठेपण हे दाखवण्यात आहे.

या खोलीत गिरणीमालक कधीच येत नाही. २०१०मध्ये महेश मांजरेकरांनी ‘लालबाग परळ’ काढला, तेव्हा त्यांनी तो पडद्यावर आणला. मालक दिसतो, जमीन विकायचे बेत करतो. प्रेक्षकाला राग काढायला एक चेहरा मिळतो. हा बदल मला नाटकापेक्षा दुबळा वाटतो. कारण दुष्ट माणूस सापडला की प्रश्न संपतो.

प्रत्यक्षात काय झालं? जानेवारी १९८२मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. उरली ती मध्य मुंबईतली सुमारे ६०० एकर जमीन. १९९१च्या विकास नियमावलीने तिची ढोबळमानाने तीन वाट्यांत विभागणी ठरवली होती: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१मध्ये नियम बदलला. वाटणीसाठी गिरणीची सगळी जमीन धरायची नाही, बांधकाम नसलेली मोकळी जमीन तेवढी धरायची. शहराच्या आणि म्हाडाच्या वाट्याला मग फारच थोडं उरलं. उच्च न्यायालयात हे टिकलं नाही, पण २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ग्राह्य धरलं. यात बंदूक नाही, मध्यरात्रीचं कारस्थान दाखवायची गरज नाही. सगळं कागदावर, सहीशिक्क्यानिशी झालं.

तोमा पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला देशाच्या उत्पन्नातला सुमारे ६ टक्के वाटा सर्वांत वरच्या एक टक्का लोकांकडे जात होता. २०२२-२३मध्ये तो २२.६ टक्के झाला. खालच्या निम्म्या लोकांना मिळून १५ टक्के मिळतात. या आकड्यांच्या पद्धतीवर वाद आहेत. तरी त्यांतला एक योगायोग सोडवत नाही: भोंगे बंद झाले तेव्हा ही दरी गेल्या शंभर वर्षांत सर्वांत अरुंद होती. ‘अधांतर’मधली माणसं ती रुंदावायला लागली त्या नेमक्या काठावर उभी आहेत.

म्हणून मालकाला रंगमंचाबाहेर ठेवणं हा पवारांचा बरोबर निर्णय होता. ज्यांचं आयुष्य उलटंपालटं होतं, त्यांना ते करणारा सहसा दिसत नाही. पण नाटकाने रिकामी ठेवलेली जागा नंतरच्या मराठी लेखनानेही बरीचशी रिकामीच ठेवली. आपल्याकडे गरिबीवर लिहिलं जातं, आणि चांगलं लिहिलं जातं. श्रीमंत कसं झालं जातं, यावर फारच कमी. त्याहून कमी मधल्या माणसावर: ज्याचे वडील गिरणीत होते आणि जो आज त्याच जमिनीवरच्या काचेच्या इमारतीत नोकरीला जातो, ज्याने तिथे फ्लॅट बुक केला, ज्याने त्या नियमाची फाईल पुढे सरकवली. हा माणूस मराठी बोलतो, दिवाळी अंक विकत घेतो, नाटकाला येतो. ‘अधांतर’ बघून त्याचे डोळे भरून येतात, आणि ते अश्रू खोटे नसतात.

दरीला दोन कडा असतात. आपल्या साहित्याने एका कडेवर उभं राहून खाली पाहिलं आहे. दुसऱ्या कडेवर राहणाऱ्यांत आता आपणही आहोत; तिथलं घर, तिथला पगार आणि तिथली भीती यांचं नाटक अजून लिहायचं आहे. ते लिहिताना खलनायक शोधायचा मोह टाळता आला, तर ‘अधांतर’चा खरा वारसा पुढे गेला असं म्हणता येईल.