‘भागीदारी’चा उतारा

युरोप आणि आफ्रिका यांच्या व्यवहाराची अलीकडची कागदपत्रे वाचताना ‘भागीदारी’ हा शब्द पानोपानी भेटतो. २००० सालच्या कोटोनू कराराच्या नावात तो आहे, नोव्हेंबर २०२३ मध्ये सह्या झालेल्या सामोआ कराराच्या नावातही आहे. ‘ग्लोबल गेटवे’ या तीनशे अब्ज युरोंच्या योजनेतला निम्मा वाटा आफ्रिकेसाठी जाहीर झाला, तोही शाश्वत विकासातील भागीदारी म्हणूनच. आम्ही माळेगाव बुद्रुकची माणसे उसाला एकच प्रश्न विचारतो : उतारा किती? शंभर किलो उसातून साखर किती पडली? हा प्रश्न या शब्दालाही विचारावा, आणि साखरेचेच उदाहरण घेऊन विचारावा, असे मला वाटते.

उदाहरण मॉरिशसचे. आफ्रिकेलगतचे हे बेट मराठी वाचकाला परके नाही. १८३४ नंतर तिथल्या उसाच्या मळ्यांवर नेलेल्या गिरमिटियांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली माणसेही होती आणि त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणूनच ओळखले जातात. देश स्वतंत्र झाला तेव्हा ऊस हाच त्याचा मुख्य आधार होता. १९७५ च्या लोमे करारासोबत युरोपने साखरेचा एक स्वतंत्र मसुदा मान्य केला : आफ्रिका, कॅरिबियन व पॅसिफिक भागातील देशांकडून दरवर्षी सुमारे १३ लाख टन साखर हमीभावाने घ्यायची. सर्वांत मोठा वाटा मॉरिशसचा, पाच लाख टनांच्या आसपास. खरेदीचे वचन ‘अनिश्चित काळासाठी’ होते. पण त्याच मसुद्यात दोन वर्षांची सूचना देऊन बाहेर पडण्याची वाटही होती, आणि माझ्या मते समीक्षकाने आधी वाचायला हवे होते ते हेच कलम.

त्याच वर्षी भारताशीही असा करार झाला. आपला कोटा पुढे १० हजार टनांवर स्थिरावला. रोज आठ हजार टन ऊस गाळणाऱ्या कारखान्याचे हे जेमतेम बारा दिवसांचे काम! तरीही युरोपच्या दप्तरात भारताचे नाव मोठे झाले, ते वेगळ्याच कारणाने. स्वतःच्या बीट साखरेने कोठारे भरलेली असताना युरोप ही साखर विकत घेई, आणि तेवढ्याच प्रमाणातली १६ लाख टन साखर अनुदान देऊन जगाच्या बाजारात सोडण्याचा हक्क सांगे. या साखरेला नाव होते ‘एसीपी-भारत समतुल्य साखर’. म्हणजे मॉरिशसला भाव मिळत होता, पण त्याची झळ मोझांबिकपासून थायलंडपर्यंत खुल्या बाजारात साखर विकणाऱ्या सगळ्यांना बसत होती. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि थायलंड यांनी जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली आणि २००५ मध्ये ते जिंकले.

पुढचा क्रम पाहण्यासारखा आहे. २००६ पासून टप्प्याटप्प्याने हमीभाव ३६ टक्क्यांनी उतरला, टनाला सुमारे ५२४ युरोंवरून ३३५ वर. २००७ मध्ये युरोपने एकतर्फी सूचना दिली. ३० सप्टेंबर २००९ रोजी मसुदा संपला. करार हा साधा ‘करार’ होता तेव्हा भाव ठरलेला होता. करार ‘भागीदारी’ झाल्यावर बाजार खुला राहिला, भावाची हमी गेली.

बदल्यात काहीच मिळाले नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. युरोपने संक्रमणासाठी निधी दिला. मॉरिशसने कच्च्या साखरेऐवजी शुद्ध साखर करायला सुरुवात केली आणि ती विकण्यासाठी जर्मनीच्या स्यूडत्सुकर कंपनीशी दीर्घ मुदतीचा करार केला. बगॅसपासून वीज काढण्यात तर हे बेट आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांच्या आधीपासून पुढे आहे. लहान शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांनी फेअरट्रेड प्रमाणपत्र मिळवले. त्याचा टनामागे ६० डॉलरचा जादा हिस्सा संस्थेच्या हाती येतो. तिथल्या पद्धतीने साखरेतला ७८ टक्के वाटा ऊस पिकवणाऱ्याचा, म्हणजे वाटणी कागदावर आपल्यापेक्षा कमी उदार नाही. तरी २००६ च्या आसपास ११ असलेले कारखाने आता तीन उरले आणि लहान ऊस उत्पादक निम्म्याहून कमी झाले. शाश्वत झाला तो उद्योग. शेतकरी टिकला असे मला म्हणवत नाही.

माळेगावात बसून हे लिहिणे सोपे आहे, कारण आमच्याकडे हमी आहे. २००९ मध्येच, तिकडे हमी संपत असताना, इकडे एफआरपी आली. ऊस कारखान्याला पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे देण्याचे बंधन कायद्यातच आहे, आणि भावावरून बिनसले तर सभासद वार्षिक सभेत माईक हिसकावतो, निवडणुकीत पॅनेल पाडतो. पोर्ट लुईच्या शेतकऱ्याला ब्रुसेल्समध्ये मत नव्हते. पण २०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया व ग्वाटेमाला यांनी भारतावर तशीच फिर्याद केली : उसाचा सक्तीचा भाव आणि निर्यात अनुदान. डिसेंबर २०२१ चा निकाल आपल्याविरुद्ध गेला. अपील केले, पण ते ऐकणारे मंडळच बंद पडले आहे. युरोपला ज्या न्यायाने आपण दोष देतो, त्याच न्यायाने आमचा भाव दुसऱ्या कुणाच्या तरी पदरचा आहे. तरीही मला तो सोडवत नाही, आणि सोडावा असेही वाटत नाही.

आणि सहकार म्हणजे आदर्श भागीदारी, असेही मला सुचवायचे नाही. दिवाळी सरते तसे बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडीचे ट्रॅक्टर आमच्या रस्त्यांना लागतात. कराराच्या बोलीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. उचल मुकादमाकडून आधीच घेतलेली, ती फिटेपर्यंत तोडणी सुटत नाही. साखरेचे मोल कोयत्यापासून सुरू होते. पण आमच्या कारखान्याच्या मतदार यादीत तो कुठेच नसतो.