दुष्काळ, मजुरी आणि श्रद्धा : ख्रिस्ती स्त्रीलेखनाचे वऱ्हाडच्या संदर्भात पुनर्वाचन

पंडिता रमाबाईंचा विचार मराठी समीक्षेत प्रामुख्याने विधवोद्धार आणि धर्मांतर या दोन अंगांनी झालेला आहे. शारदा सदनातील धर्मप्रभावावरून उठलेले वादळ व त्यातून 1893 साली न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा दिलेला राजीनामा यांवर विपुल लिहिले गेले. त्या मानाने 1897 मधील त्यांचे दुष्काळानुभवावरील छोटेखानी इंग्रजी लेखन उपेक्षितच राहिले. वास्तविक घरदार सोडून अन्नासाठी वणवण करणारी ग्रामीण स्त्री रमाबाईंच्या लेखनाच्या केंद्रस्थानी येते ती येथेच.

1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे 300 स्त्रिया व मुली त्यांनी आणल्या. शारदा सदनाला उत्पन्न व्हावे म्हणून घेतलेल्या केडगावच्या जमिनीवर या आश्रितांची वस्ती झाली व तिचेच पुढे मुक्ती सदन झाले. शारदा सदनात उच्चवर्णीय विधवांसाठी जातीचे नियम पाळण्याची मुभा होती. केडगावला आलेल्या मुली बहुतांशी राबणाऱ्या जातींच्या होत्या; तेथे ती व्यवस्था टिकणे शक्यच नव्हते. धर्मांतरापेक्षाही हा सामाजिक बदल रमाबाईंच्या जीवनात अधिक मूलगामी ठरतो, असे म्हणण्यास जागा आहे.

या लेखनाचे बळ त्यातील करुणेत नसून आत्मपरीक्षणात आहे. 1870 च्या दशकातील दुष्काळात रमाबाईंचे आईवडील व बहीण गेली. त्या दिवसांविषयी लिहिताना जातीचा आणि विद्येचा अभिमान आड आल्याने कुटुंबाला भीकही मागवेना व मजुरीही करवेना, हे त्या झाकून ठेवत नाहीत. शास्त्र्याच्या मुलीने श्रमाविषयीच्या आपल्या घरच्या तिटकाऱ्याची दिलेली ही कबुली आहे. दुष्काळग्रस्त स्त्रीकडे त्या उपकारकर्तीच्या उंचीवरून पाहत नाहीत, याचे मूळ या कबुलीत शोधावे लागते. सरकारी अन्नछत्रांत व मदतकेंद्रांवर निराधार मुलींच्या असहायतेचा कसा गैरफायदा घेतला जातो, हेही त्यांनी निर्भीडपणे मांडले. त्याच वर्षी पुण्यातील प्लेगच्या इस्पितळातील स्त्रियांच्या स्थितीविषयी त्यांनी जाहीर तक्रार केली. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी ती नाकारली. श्रद्धा माणसाला राजनिष्ठच करते, या समजुतीला येथे छेद जातो.

तथापि या लेखनाची मर्यादाही नजरेआड करता येत नाही. आणलेल्या मुली त्यात दिसतात, बोलत मात्र नाहीत. त्या कोणाच्या शेतावर राबत होत्या, कोणत्या कर्जापायी गाव सुटले, याचा शोध रमाबाई घेत नाहीत. आश्रय देताना श्रद्धाही दिली गेली, आणि उपाशी माणसाने स्वीकारलेल्या धर्मात स्वेच्छा किती, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. रमाबाईंची निष्ठा नि:शंक होती म्हणून तो प्रश्न गैरलागू ठरत नाही.

वऱ्हाडच्या वाचकाला येथे दुसऱ्या एका पुस्तकाची आठवण व्हावी. अकोल्यात मिशनकार्य केलेल्या जेनी फुलर यांचे हिंदी स्त्रीवरील अन्यायांविषयीचे इंग्रजी पुस्तक 1900 साली निघाले. त्याची प्रस्तावना रमाबाईंचीच आहे. बालविवाह, सक्तीचे वैधव्य, देवदासी, मुरळी असे विषय त्यात तळमळीने येतात. पण अकोल्याच्या भोवती पसरलेल्या कापसाच्या रानात वेचणी करणाऱ्या बाईसाठी त्यात स्वतंत्र प्रकरण नाही. ही उणीव साधी नाही. अमेरिकेतील यादवी युद्धानंतर वऱ्हाड हा कापूस पिकवणारा प्रांत झाला, रेल्वे आली आणि आसपासच्या मुलखातून मजुरांचे लोंढे येथे येऊ लागले. 1899-1900 च्या दुष्काळाने तर वऱ्हाडलाच ग्रासले. कापसाची वाढ व दुष्काळ यांचा परस्परसंबंध लक्ष्मण सत्य यांनी 1997 च्या आपल्या ग्रंथात तपशिलाने उलगडला आहे. रूढीने पिडलेली स्त्री फुलरबाईंना दिसली. बाजाराने पिडलेली दिसली नाही. अन्यायाचे मूळ परधर्मात शोधणाऱ्या दृष्टीला कापसाच्या पेठेतील अन्याय दिसणे अवघडच होते.

रमाबाईंचे लेखन या कोंडीतून अर्धेअधिक सुटते, कारण भूक त्यांनी स्वत: भोगली होती. आजही धारणी व चिखलदरा तालुक्यांतील कोरकू कुटुंबे सोंगणी-वेचणीसाठी लेकराबाळांसह अमरावती-अकोल्याच्या सपाटीवर उतरतात आणि होळीला मेळघाटात परततात. त्यांच्यासाठी केडगावसारखे आश्रयस्थान पुरेसे नाही, कारण त्यांना गाव आहे, परतायचे आहे. प्रश्न आहे तो मजुरीचा, शेतावरच्या निवाऱ्याचा आणि मुलांच्या बुडणाऱ्या शाळेचा. मराठी चर्चमधील स्त्रिया रमाबाईंचे नाव आदराने घेतात. त्यांचे 1897 चे लेखन सांगते ते बाईंचे माहात्म्य कमी आणि भुकेपुढेही मजुरीला कमी लेखणाऱ्या घराची गोष्ट अधिक. त्या गोष्टीसह ते अजून मराठी वाचकांपुढे यावे तसे आलेले नाही.